बीएस्सी झाल्यावर एमबीबीएस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी 2018 मध्ये बीएस्सी मायक्रोबायोलॉजी झाले. त्याच वर्षी नीटमध्ये आपटले, 2019 मध्ये सरकारी कॉलेजला लागले. सध्या बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढते आहे. ओपीडी आटोपून मोबाइल हातात घेतला की कुणाच्या तरी भाचीचा, कुणाच्या तरी शेजाऱ्यांच्या मुलाचा मेसेज आलेला असतो, “ताई, बीएस्सी बायोटेक आहे, एमबीबीएसला काही चान्स?” उत्तरं तीच तीच द्यावी लागतात, म्हणून एकदाची इथे लिहून ठेवते. नियम दरवर्षी थोडेफार हलतात, तेव्हा फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीचं एनटीएचं (नीट ही प्रवेश परीक्षा घेणारी केंद्रीय संस्था) आणि सीईटी सेलचं (राज्यातले प्रवेश करणारं कार्यालय) माहितीपत्रक वाचाच. दोनशे पानांचं असलं तरी वाचा.

बीएस्सीनंतर एमबीबीएसला प्रवेश मिळतो का?

मिळतो. दार मात्र एकच, बारावीच्या मुलांचंच, नीट यूजी. पदवीधरांसाठी वेगळा कोटा, वेगळी परीक्षा किंवा मुलाखत असं आपल्याकडे काही नाही. बायोमेडिकल सायन्स, बायोटेक, मायक्रोबायोलॉजी, झूऑलॉजी, सगळ्यांना रांग एकच. बीएस्सीला किती टक्के पडले हे प्रवेशाच्या कुठल्याच टप्प्यावर मोजलं जात नाही. माझे 81 होते. आजतागायत एकाही माणसाने विचारलेले नाहीत.

डिप्लोमावाले इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट जातात, तसं एमबीबीएसला जाता येईल? बायोकेमिस्ट्री तर आम्ही शिकलोय.

नाही. एक विषयही सुटत नाही. साडेचार वर्षं अभ्यासक्रम आणि एक वर्ष इंटर्नशिप, सगळं पहिल्यापासून. पहिल्या वर्षाला अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री. बायोकेमिस्ट्रीत तुम्ही सुवर्णपदक मिळवलेलं असलं तरी क्रेब्ज सायकल पुन्हा काढायचंच.

वयाची अट आहे का? मी 24 वर्षांचा आहे.

खालची आहे, वरची नाही. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत 17 पूर्ण हवीत. वरची मर्यादा 2017 मध्ये आली होती, खुल्या गटाला 25 आणि राखीव गटाला 30. त्यावर बरीच कोर्टबाजी झाली आणि शेवटी मार्च 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ती काढून टाकली. पुण्याच्या एएफएमसीचं (लष्कराच्या मेडिकल कॉलेजचं) गणित वेगळं आहे. तिथे लष्कराचे नियम लागतात, वरची वयोमर्यादा आहे आणि अविवाहित असावं लागतं. त्यामुळे तिथलं पत्रक स्वतंत्र पाहा.

पात्रतेला बारावी धरतात की बीएस्सी?

बहुतेकांच्या बाबतीत बारावी पुरते. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी घेऊन बारावी पास, आणि पीसीबीत मिळून खुल्या गटाला 50 टक्के, राखीव गटांना 40. एनटीएच्या फॉर्ममध्ये पात्रता परीक्षेचे वेगवेगळे कोड असतात. त्यात बीएस्सीचाही एक आहे, पण त्यालाही आधीच्या परीक्षेत पीसीबी आणि इंग्रजी असण्याची अट जोडलेली आहेच. बारावीला पीसीबी व्यवस्थित असेल तर उगाच बीएस्सीच्या कोडच्या नादी लागू नका, पुढे कागदपत्रं जुळवताना डोकेदुखी होते.

खरी अडचण येते ती बायोमेडिकल इंजिनीअरिंगवाल्यांची. नावात ‘मेडिकल’ असलं तरी यातल्या अनेकांनी बारावीला पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) घेतलेलं असतं, बायोलॉजी नसतेच. पूर्वी इथेच विषय संपायचा. नोव्हेंबर 2023 मध्ये आयोगाने नोटीस काढली की बारावी झाल्यावर मान्यताप्राप्त बोर्डातून बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी अतिरिक्त विषय म्हणून पास झालेले विद्यार्थीही नीटला बसू शकतात. म्हणजे रस्ता आहे, पण आधी बोर्डाची परीक्षा, मग नीट.

तीन वर्षं बायोलॉजीच केलीय. नीटमध्ये आम्हाला इतरांपेक्षा फायदा होणार ना?

या प्रश्नाचं उत्तर जरा लांबवते, कारण मी स्वतः इथेच फसले.

पेपर 720 मार्कांचा. फिजिक्सचे 45 प्रश्न, केमिस्ट्रीचे 45, बायोलॉजीचे 90. बरोबर उत्तराला 4, चुकलं की 1 वजा. मधली काही वर्षं 200 प्रश्नांतले 180 सोडवायचे होते आणि वेळ 200 मिनिटांचा होता. 2025 पासून पुन्हा सरळ 180 प्रश्न, 180 मिनिटं. मिनिटाला एक.

बायोलॉजीचे 360 मार्क पाहून बीएस्सीवाला खूश होतो. मी पण झाले होते. 2018 चा माझा निकाल सांगते: बायोलॉजी 301, केमिस्ट्री 92, फिजिक्स 47. एकूण 440. घरी आईने पेढे आणायला सांगितले होते, ते परत पाठवावे लागले.

गंमत अशी की बायोलॉजीतसुद्धा पदवीचं ज्ञान कधीकधी आडवं येतं. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात पेशींच्या आकाराबद्दल एक वाक्य आहे: मायकोप्लाझ्मा 0.3 मायक्रोमीटर, बॅक्टेरिया 3 ते 5 मायक्रोमीटर. आता इ. कोलायचा बॅसिलस साधारण दोन मायक्रोमीटरचा असतो, आणि तो मी प्रॅक्टिकलला ऑक्युलर मायक्रोमीटर लावून स्वतः मोजलेला. मॉक टेस्टला हा प्रश्न आला तेव्हा मी पुस्तकाशी मनातल्या मनात भांडत बसले, दीड मिनिट घालवलं आणि उत्तर चुकवलं. शेजारी बारावीची मुलगी होती. तिने पुस्तकातला आकडा पाहिला, गोल रंगवला आणि पुढे गेली. परीक्षा पुस्तकातल्या वाक्यावर आहे. अपवाद माहीत असल्याचे मार्क नाहीत.

शिवाय तीन वर्षांत एकाच कोपऱ्यात राहून बाकीचं विसरायला झालेलं असतं. मायक्रोवाल्यांना फुलाची रचना आठवत नाही, बायोटेकवाल्यांना प्राण्यांचं वर्गीकरण. हे सगळं अकरावीपासून परत काढावं लागतं.

आणि फिजिक्स! बारावीनंतर त्याला हातच लावलेला नसतो. रोटेशनल मोशन, रे ऑप्टिक्स, करंट इलेक्ट्रिसिटी ही नावंसुद्धा परकी वाटतात. वर तीन वर्षं कॅल्क्युलेटरवर मोलॅरिटी काढायची सवय लागलेली, आणि नीटमध्ये कॅल्क्युलेटर नाही. दुसऱ्या वर्षी मी रोज सकाळी पहिलं काम म्हणून वीस मिनिटं नुसते हाताने गुणाकार-भागाकार केले, वर्गमुळं काढली. बाबा पेपर वाचता वाचता म्हणायचे, “चौथीची स्कॉलरशिप आहे काय?” पण 2019 मध्ये फिजिक्स 102 झालं, केमिस्ट्री 121, बायोलॉजी 318. बायोलॉजीत वाढले 17 आणि फिजिक्समध्ये 55. सीट कुठून आली ते तुम्हीच बघा.

2025 चा फिजिक्सचा पेपर इतका अवघड गेला की खुल्या गटाची पात्रतेची रेषा आदल्या वर्षीच्या 162 वरून 144 वर आली. आता 144 पडले म्हणजे एमबीबीएस मिळालं असं समजू नका. त्या वर्षी 12 लाखांवर मुलं पात्र ठरली, आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर.

मग अभ्यास कसा करायचा? क्लास लावू का?

फिजिक्सचा लावा, बाकीचं तुमच्या कुवतीवर. पहिले दोन महिने दिवसाचा अर्धा वेळ फिजिक्सला द्या, बायोलॉजी एनसीईआरटीतून ओळ न ओळ वाचा, आणि ‘हे मला येतं’ म्हणून एकही धडा सोडू नका. 2024 पासून अभ्यासक्रम थोडा कापला आहे, त्यामुळे दादाची जुनी नोट्सची पेटी वापरणार असाल तर नव्या यादीशी ताडून घ्या. रविवारी दुपारी दोन ते पाच, खऱ्या वेळेत, ओएमआर शीटवर टेस्ट. घरातल्या खुर्चीत तीन तास न उठता बसणं हाच अर्धा सराव आहे.

पेपर मराठीतही मिळतो, 2017 पासून. पण बीएस्सी इंग्रजीतून केलेल्यांनी इंग्रजीच घ्यावा असं माझं मत. भाषांतरावरून वाद झाला तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात.

बीएस्सी चालू असतानाच नीट द्यायची की पूर्ण करून? की सोडूनच द्यायची?

शेवटच्या वर्षाला असाल तर पूर्ण करा. हातात पदवी असली की नीट बिघडली तरी एमएस्सीचं दार उघडं राहतं. पहिल्या वर्षाला असाल आणि मन लागत नसेल तर सोडण्यात लाज नाही, पण सोडण्याआधी एक काम करा: तुमची मूळ कागदपत्रं कुठे आहेत ते पाहा.

माझी एक मैत्रीण एसवायला असताना नीटमधून लागली. रिपोर्टिंगला दोन दिवस होते. तिच्या कॉलेजातल्या क्लार्कने बारावीची मूळ मार्कलिस्ट आणि दाखला अडवून धरला. उरलेल्या वर्षाची फी भरा, मग देतो म्हणाला. तिचे वडील सांगलीहून रात्रीच्या एसटीने आले, सकाळी दहाला प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभे राहिले, संध्याकाळी पाचला कागद मिळाले. विद्यार्थ्यांची मूळ कागदपत्रं अशी अडवून ठेवू नयेत असं यूजीसीने स्पष्ट सांगितलेलं आहे, पण त्या दिवशी त्या खिडकीसमोर उभं राहून नियम वाचून दाखवायला वेळ कुणाला असतो? तेव्हा निकालाआधीच, जूनमध्ये, कागद काढून आणा.

महाराष्ट्रात प्रवेश कसे होतात? कागदपत्रं कोणती?

सरकारी कॉलेजांच्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात एमसीसी (केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) भरते. उरलेल्या 85 टक्के राज्याच्या, त्या सीईटी सेलच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) राउंडमधून. दोन्हीकडे वेगळी नोंदणी करावी लागते. दरवर्षी कुणीतरी एकीकडेच करतं आणि मग रडतं. एम्स आणि जिपमर (पुदुच्चेरीची केंद्रीय संस्था) 2020 पासून नीटमध्येच आले, त्यांचे प्रवेश एमसीसीकडून. अभिमत विद्यापीठांचंही एमसीसीकडेच.

राज्याच्या कोट्यासाठी सर्वसाधारण नियम असा की दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवीत आणि अधिवास प्रमाणपत्र हवं. इथे बीएस्सी कुठून केली याला महत्त्व नाही. बीएस्सी पुण्यात केली पण बारावी इंदूरला झाली, असा मुलगा घर महाराष्ट्रात असूनही अडकतो. सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी मुलांसाठी वेगळ्या थोड्या जागा असतात. बेळगाव-निपाणीकडच्या कुणी हे वाचत असेल तर पत्रकातला तो भाग जरूर बघा. गोव्यातल्या मुलांचं सगळं तिथल्या तंत्रशिक्षण संचालनालयाकडून, जागा बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात).

राखीव गटातून जाणाऱ्यांनी जात वैधता प्रमाणपत्र आजच तपासा. बीएस्सीला प्रवेश घेताना ते कुणी मागितलं नसेल, इथे मागतात. पडताळणी समितीकडे फाइल किती दिवस फिरेल याचा भरवसा नाही. नॉन-क्रीमी लेयर 31 मार्चला संपलेलं नाही ना, तेही पाहा. अखिल भारतीय कोट्यासाठी ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं, राज्याचं चालत नाही. आणि एसईबीसी आरक्षण फक्त राज्याच्या जागांवर, एमसीसीकडे तो प्रवर्गच नाही.

आपल्यासारख्यांसाठी खास दोन कागद: शेवटच्या कॉलेजचा म्हणजे बीएस्सीच्या कॉलेजचा दाखला, बारावीचा नव्हे. आणि पदवीनंतर वर्ष घरी बसून तयारी केली असेल तर त्या खंडाचं प्रतिज्ञापत्र. माझ्या फाइलमध्ये हेच दोन नव्हते. तहसील कचेरीबाहेर टाइपरायटरवर बसलेल्या काकांनी प्रतिज्ञापत्र दहा मिनिटांत करून दिलं, दाखल्याला मात्र तीन दिवस गेले.

खर्च किती येतो? बाँड काय असतो?

सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांत फी मध्यमवर्गीय घराला पेलते. राज्यातल्या खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, ती वर्षाला अनेक लाखांत जाते. अभिमत विद्यापीठांत वर्षाला वीस लाखांच्या पुढे आकडे आहेत. मुलींसाठी जुलै 2024 मध्ये शासन निर्णय निघाला: ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ. पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा, संस्थेच्या कोट्यातला नको.

बाँड म्हणजे सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा. न केल्यास 10 लाख भरायचे. मी करते आहे. पगार मिळतो, अनुभव भरपूर. पावसाळ्यात विंचू आणि साप दोन्ही. सगळं जोडून पाहा: बीएस्सीची तीन, तयारीची एक-दोन, एमबीबीएसची साडेपाच, बाँडचं एक. मी अठ्ठाविसाव्या वर्षी स्वतःच्या पायावर उभी राहिले, आणि पीजी अजून बाकीच आहे.

एका एजंटने सांगितलं, बीएस्सी असल्यामुळे फिलिपिन्समध्ये थेट चार वर्षांचा एमडी होतो. खरं का?

तिथे होत असेल. भारतात चालेल का, हा प्रश्न विचारा. नोव्हेंबर 2021 च्या नियमांनुसार परदेशातला वैद्यकीय अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा, त्यावर तिथेच 12 महिन्यांची इंटर्नशिप, शिक्षण इंग्रजीतून, आणि त्या देशात प्रॅक्टिस करण्याइतकी पात्रता हवी. चार वर्षं म्हणजे 48 महिने. एजंटच्या हातात कॅल्क्युलेटर द्या. आधीची बीएस्सीची वर्षं यात धरत नाहीत. शिवाय नीट पात्रता लागतेच, परत आल्यावर एफएमजीई (परदेशातून शिकून आलेल्या डॉक्टरांची परीक्षा) आणि इथे पुन्हा एक वर्ष इंटर्नशिप.

हेच गणित इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या पदवीधरांसाठीच्या चार वर्षांच्या कोर्सलाही लागतं. तिथली पद्धत आपल्यापेक्षा सरळ आहे हे खरं: गॅमसॅट किंवा यूकॅट ही प्रवेश परीक्षा, पदवीचे मार्क, मुलाखत. अमेरिकेत तर जवळपास सगळेच पदवीनंतर जातात, एमकॅट ही परीक्षा देऊन. पण तिथल्या बऱ्याच मेडिकल स्कूल परदेशी विद्यार्थी घेत नाहीत, घेतात त्यांना तिथल्याच विद्यापीठातली काही वर्षं हवी असतात, आणि फी ऐकून बसायला खुर्ची लागते. तिकडेच राहायचं ठरलेलं असेल आणि पैशांची सोय असेल तर विचार करा.

किती प्रयत्न करावेत?

नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, म्हणूनच ती स्वतः घालून घ्यावी लागते. मी आईबाबांना दोन म्हटलं होतं. तिसरा दिला असता का? माहीत नाही, बहुधा नसता. माझ्या ओळखीचा एक मुलगा पाचव्यांदा बसलाय आणि दरवर्षी 480 ते 500 च्या मध्ये अडकतो. त्याच्या बरोबरच्यांची एमएस्सी होऊन पीएचडी सुरू झाली.

दोनदा देऊन फिजिक्स शंभरापर्यंत पोचत नसेल तर दुसरं काही बघणं शहाणपणाचं. आणि ‘दुसरं’ म्हणजे कमी असं समजू नका. मेडिकल कॉलेजांतच अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री यांच्या तीन वर्षांच्या एमएस्सी असतात. क्लिनिकल एम्ब्रियॉलॉजी शिकलेल्यांना आयव्हीएफ सेंटरांत मागणी आहे. पुण्यात एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) आणि एनसीसीएस (पेशीविज्ञान संस्था), खारघरला टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक, इथे रोगांवरचं खरं संशोधन चालतं. कोविडचा विषाणू भारतात पहिल्यांदा वेगळा केला तो एनआयव्हीतल्या लोकांनी. आमच्या बॅचचे आम्ही सगळे तेव्हा घरी बसून ऑनलाइन फिजिऑलॉजी ऐकत होतो.

बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस यांनाही नीटच लागते. त्या विषयात रस असेल तर जा. ‘डॉक्टर लागतंय ना नावापुढे’ एवढ्यासाठी जाऊ नका.

वर्गातली मुलं तीन-चार वर्षांनी लहान असतात. अवघडल्यासारखं होतं?

पहिला महिना होतं. आमची 2019 ची बॅच नव्या अभ्यासक्रमाची पहिलीच, त्यामुळे सुरुवातीला फाउंडेशन कोर्स होता. त्यात ओळखपरेडीला मी बीएस्सी झालेय म्हटल्यावर मागून कुणीतरी “काकू!” ओरडलं. ते नाव इंटर्नशिपपर्यंत टिकलं.

पदवीचा उपयोग झाला तो इथे, आत गेल्यावर. फिजिऑलॉजीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला न्यूबॉर चेंबर, म्हणजे रक्तपेशी मोजायची काच, आलं. अर्धा वर्ग हवेचे बुडबुडे पेशी म्हणून मोजत होता. माझा हात बसलेला होता, कव्हरस्लिप कशी टेकवायची, फोकस कुठे सोडायचा. त्या दिवशी काकूंच्या टेबलाभोवती रांग लागली. बायोकेमिस्ट्री तर घरचीच वाटली. अ‍ॅनाटॉमीत मात्र सगळे सारखेच कोरे. ब्रेकियल प्लेक्ससने (खांद्याजवळच्या नसांच्या जाळ्याने) मलाही तेवढंच रडवलं. दुसऱ्या वर्षाला मायक्रोबायोलॉजी आली तेव्हा सर ग्राम स्टेनिंग दाखवायला पुढे मलाच बोलवायचे.

बीएस्सीचा जुना एप्रन चालेल का?

चालतो. माझ्या एप्रनच्या खिशावर क्रिस्टल व्हायोलेटचा डाग होता, कितीही धुतला तरी गेला नाही. तोच डिसेक्शन हॉलसाठी ठेवला. नव्याला कशाला फॉर्मॅलिनचा वास लावायचा? ओपीडीची पोस्टिंग सुरू झाल्यावर नवा शिवून घ्या, लांब बाह्यांचा, आणि खिसे दोन्ही बाजूंनी मोठे सांगा.